स्टॅनले कपाची पैसेवारी

जून 2024. सकाळचे साडेआठ. नागपूरच्या सक्करदरा चौकातल्या ठेल्यावर नुकतीच पोह्यांची प्लेट हातात आली होती. वर चणे, कडेपर्यंत लालभडक तर्री. तेवढ्यात टोरांटोहून पुतण्याचा फोन. तिकडे रात्रीचे अकरा. आवाज असा पडलेला, की मी प्लेट फळीवर ठेवून आधी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना रे?"

"हरलो काका."

"कोण?"

"एडमंटन."

एडमंटन टोरांटोपासून अडीच हजार किलोमीटरच्याही पलीकडे. पण टोरांटोच्या स्वतःच्या टीमनं 1967 नंतर स्टॅनले कप उचललेला नाही, म्हणून पोरगं दुसऱ्यांच्या मयतीत रडून घेतं. ही हॉकी आपली नव्हे, बर्फावरची. लीगमध्ये 32 टीम, त्यातल्या 7 कॅनडाच्या. खेळ त्यांचा, बर्फ त्यांचा, कपही त्यांच्याच एका गव्हर्नर जनरलनं, लॉर्ड स्टॅनलेंनी, 1892 साली दिलेला. आणि 1993 मध्ये मॉन्ट्रियल जिंकलं, त्यानंतर कप सीमेपलीकडे. यंदा एडमंटन पहिले तीन सामने हरलं, पुढचे तीन जिंकलं आणि सातवा 2-1 नं घालवला. तोही फ्लोरिडाकडून, जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो.

"दुष्काळ आहे काका, एकतीस वर्षांचा दुष्काळ," पुतण्या म्हणाला.

आता दुष्काळ हा शब्द विदर्भाच्या माणसासमोर जरा जपून काढावा. आमचा त्यातला अभ्यास आहे. मी विचारलं, "पैसेवारी किती निघाली?"

त्याला कळेना. मग समजावलं. बाबा रे, पीक गेलं म्हणून दुष्काळ होत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत यावी लागायची. तुमच्या टीम 1994, 2004, 2006, 2011 आणि आता 2024, पाच वेळा फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेल्या. म्हणजे पैसेवारी नव्वदच्या वर. असल्या आकड्यावर कोणता तहसीलदार दुष्काळ लिहून देईल? शिवाय तुमच्या एडमंटनच्या मॅकडेव्हिडला हरूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पीक वाहून गेलेल्या माणसाला शेतीनिष्ठ शेतकरी पुरस्कार! तो बिचारा घ्यायलाही बाहेर आला नाही म्हणतात. शहाणा माणूस.

"मग आमचं जे काय आहे, त्याला म्हणायचं काय?"

"अनुशेष."

हा शब्द आमचा. 1984 साली दांडेकर समितीनं साऱ्या राज्याच्या विकासाचा अनुशेष मोजला, तो 3186 कोटींचा निघाला. मग वैधानिक विकास मंडळं आली, आणि अनुशेष भरतानाच वाढतो कसा हेही आम्ही याच डोळ्यांनी पाहिलं. कॅनडानं आधी समिती नेमावी, कप कुठे कुठे किती वर्षं गेला नाही त्याचे तक्ते करावेत. पाहणीला केंद्रीय पथक बोलवावं, पण बर्फ वितळल्यावर. त्याआधी पथक येत नसतं.

पुतण्या कारणं सांगू लागला. टीमची कमाई कॅनडाच्या डॉलरमध्ये, खेळाडूंचा पगार अमेरिकेच्या. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. क्युबेकची टीम 1995 मध्ये उचलून डेन्व्हरला नेली आणि पुढच्याच वर्षी त्या टीमनं कप घेतला. मी म्हटलं, यात मला सांगण्यासारखं काय आहे? आमच्या नागपूरच्या मिहान प्रकल्पात येणार येणार म्हणून गाजलेला टाटा-एअरबसचा विमान कारखाना 2022 साली बडोद्याला उतरला. तुमची निदान टीम गेली, आमची तर विमानं उडायच्या आधीच उडाली.

खरं दुखणं मात्र त्यानं शेवटी सांगितलं. जिंकणाऱ्या अमेरिकन टीममध्ये भरपूर पोरं कॅनडाचीच असतात. हे ऐकून मला एकदम घरचं वाटलं. कापूस यवतमाळचा, कापड मँचेस्टरचं, आणि सदरा घेताना पैसे आपले.

इथे मी थोडा फुगलोच. कारण एका बाबतीत आमचा अनुशेष भरलेला आहे. विदर्भानं 1957-58 पासून रणजी खेळायला घेतली. साठ वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या गुणतक्त्यात गुण भरायला जात होतो. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये फैज फजलच्या टीमनं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. गुरबानीची त्यात हॅट्ट्रिक. 2019 मध्ये घरच्या जामठा मैदानावर पुन्हा. आणि उरलेला महाराष्ट्र, म्हणजे ज्यांनी आमचं पाणी, निधी, कारखाने नेले असं आम्ही तीन पिढ्या सांगत आलो, त्यांचं काय? देवधरांच्या कप्तानीत 1939-40 आणि 1940-41, बस. 1948-49 मध्ये त्यांचे निंबाळकर पुण्यात 443 वर नाबाद होते, तर समोरची काठियावाडची टीमच सामना सोडून घरी गेली. त्याच मोसमात मुंबईविरुद्ध चौथ्या डावात महाराष्ट्रानं 604 धावा केल्या आणि 354 धावांनी हरला. 604 करून हरायला पुण्याचीच तालीम लागते. त्यानंतर 1971, 1993 आणि 2014, तीनदा फायनल, तीनदा रिकाम्या हातानं परत. पश्चिम महाराष्ट्राचा अनुशेष! हे शब्द लिहिताना हात थरथरतो आहे, आनंदानं.

"काका, तुमचे तेव्हाचे कोच चंद्रकांत पंडित कुठले? वसीम जाफर कुठला?"

मुंबईचे. मी फोनमध्ये खरखर येते आहे असं सांगितलं. (पुढे 2025 मध्ये केरळला पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर मागे टाकून तिसऱ्यांदा जिंकलो, तेव्हा शतक ठोकणारा करुण नायर कर्नाटकाचा होता. बियाणं बाहेरचं असलं तरी माती आमची, असं मी आता म्हणतो. पूर्वी म्हणत नसे.)

2025 च्या जूनमध्ये पुन्हा तोच ठेला, पुन्हा फोन, पुन्हा एडमंटन, पुन्हा फ्लोरिडा. या वेळी सहाच सामन्यांत आटोपलं. ताजबागेत माझ्या नावानं चादर चढवा म्हणाला. मी विचारलं, "तो कप तू डोळ्यांनी तरी पाहिलास का रे?"

"पाहिला ना! मूळचा कप टोरांटोतच असतो, हॉकीच्या संग्रहालयात. आणि जिंकणाऱ्यांना देतात तो फिरता कप टीममधल्या प्रत्येकाला एकेक दिवस मिळतो. कॅनडाची पोरं उन्हाळ्यात आपापल्या गावी घेऊन येतात. गाव लोटतं, फोटो काढतात, आणि संध्याकाळी तो परत जातो."

मी हे ठेलेवाल्याला ऐकवलं. त्यानं झारा कढईवर आपटला, माझ्या प्लेटमध्ये न मागता आणखी तर्री ओतली आणि विचारलं, "दरसाली येते?"

"दरसाली."

"फोटो काढतेत अन् निंगून जाते?"

"हो."

"मंग अधिवेशनच म्हना न भाऊ," तो म्हणाला. "आपलं डिसेंबरात असते, त्याइचं उन्हाळ्यात."