घर बघायला कोण येतं?

बारावी पास आणि बोलणं-चालणं चांगलं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या क्षेत्र कार्यकर्त्याला ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एवढं पुरतं. अनुभव असला तर झुकतं माप. मानधन दरमहा 10,592 रुपये, तेही कंत्राटी. त्याच कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याला पदवी लागते, शक्यतो समाजकार्य किंवा समाजशास्त्रातली. त्याला 18,536. हीच माणसं कुणाच्या तरी उंबऱ्यात उभी राहून चार प्रश्न विचारतात, आणि त्या घरातलं मूल आजीपाशी राहणार की बालगृहात जाणार, हे बऱ्याच अंशी त्यांनी काय लिहून नेलं त्यावर ठरतं.

वरच्या खुर्च्यांची पात्रता मात्र कायद्याने नीट बांधली आहे. बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. 2021 च्या दुरुस्तीनंतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, कायदा, समाजकार्य, शिक्षण अशा ठरावीक विषयांतली पदवी, आणि त्याच्या जोडीला मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय हवा. झालं ते चांगलंच झालं. पण समिती काही वाडीवर येत नाही. तिच्यापुढे येतो नमुना 22, म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. बाल न्याय कायद्याच्या कलम 36 नुसार ही तपासणी 15 दिवसांत उरकायची. ती सामाजिक कार्यकर्त्याने करावी, बालकल्याण अधिकाऱ्याने करावी, नाहीतर बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने. घरात शिरल्यावर बघायचं काय आणि कसं, हे त्याला येतं की नाही हे कुणी तपासायचं, याबद्दल ते कलम बोलत नाही.

आता रायगडाच्या पायथ्याशी या. हिरकणीवाडी, तालुका महाड. रोप-वे इथूनच वर जातो. जिल्ह्याची कचेरी अलिबागला, शंभरावर किलोमीटर. समजा, इथल्या एका घरी सकाळी अकराला गृहभेट झाली. बाप मुंबईला. आई ताक घेऊन गडावर गेलेली, कारण शनिवार-रविवारचे पर्यटक हीच तिची कमाई. दाराला नुसती कडी, आत आठ वर्षांची पोर दोन वर्षांच्या भावाला सांभाळतेय, आजी लाकडं आणायला गेलीय. घाईतला माणूस लिहितो: पालक गैरहजर, मुलं एकटी, घर कच्चं, स्वयंपाक चुलीवर. चारही गोष्टी खऱ्या आणि अहवाल साफ चुकीचा.

शिकलेला माणूस तिथे काय करील? अंगणवाडी सेविकेकडे धाकट्याच्या वजनाची नोंद मागील. शाळेत थोरलीची हजेरी बघील. शेजारणीला विचारील, पोरं रडली तर धावतं कोण? संध्याकाळी पुन्हा येईल, आई गडावरून उतरल्यावर पोरगं तिच्याकडे कसं झेपावतं ते बघायला. हे कसब आहे. ते शिकावं लागतं आणि जाणत्याच्या हाताखाली घोटावं लागतं. याची उलट बाजू जास्त भयंकर आहे. पक्कं घर, फरशी, पंखा, चहा पुढे आला, आणि काका आत आल्याबरोबर बोलती पोर गप्प झाली. न शिकलेल्या डोळ्याला फरशी दिसते, त्या पोरीचं गप्प होणं दिसत नाही. शेरा पडतो ‘समाधानकारक’.

ज्या हिरकणीचं नाव या वाडीला आहे, तिचीच गोष्ट नमुन्यात भरून बघा. आई रात्री घराबाहेर, तान्हं बाळ घरी एकटं. रकान्यात एवढंच मावतं. आख्यायिकेत गडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती बाळासाठी रात्री कडा उतरून घरी गेली. शिवाजी महाराजांनी तिला बोलावून विचारलं, ती कुठून उतरली तो कडा पाहिला आणि तिथे बुरूज बांधला.

गरिबी आणि हेळसांड यांतला फरक ओळखणं हाच या कामाचा गाभा आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं कायद्याचंच तिसरं कलम सांगतं. महाड-पोलादपुरात हा फरक रोज समोर येतो. वीटभट्टीवर, कोळसा पाडायला सहा-सहा महिने बाहेर जाणारी कातकरी कुटुंबं इथलीच. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली तेव्हा उघडी पडलेली घरंही इथलीच. अशी मुलं घरच्यांपाशीच राहावीत म्हणून बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात, त्यासाठी तहसीलदाराचा दाखला, पालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि घरासमोर उभं राहून काढलेला मुलाचा न् पालकाचा फोटो लागतो. फोटोत दार येतं. दारामागचं कुणी बघायचं?

19 मे 2024 च्या पुण्यातल्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि त्या निबंधाने देश खवळला. बाल न्याय मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारने पुढे दूरही केलं. खुर्चीवरच्यांचा हिशेब झाला, पण खालच्या तपासणीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याआधीच, 13 जुलै 2022 ला, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचं प्राथमिक मूल्यमापन करताना मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मानसोपचारातला व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल. घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला जे मिळतं, ते काहीच न केलेल्या मुलाला का मिळू नये?

माणसं नाहीत, ही सबब मी ऐकून घेणार नाही. समाजकार्याचं शिक्षण मुंबईत 1936 पासून चालू आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था तेव्हाची. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था 1963 ची. एमएसडब्ल्यू झालेली पोरं दरवर्षी बाहेर पडतात आणि दहा-अठरा हजारांच्या कंत्राटाकडे पाठ फिरवतात. त्यांचं चुकत नाही. डॉक्टरची परिषद आहे, वकिलाची आहे, नर्सची आहे. बालकाच्या घराचा अहवाल लिहिणाऱ्याची नोंदवही देशात कुठेच नाही. त्याने वाईट अहवाल लिहिला तर दाद कुठे मागायची, तेही ठरलेलं नाही.

राज्याला हे करता येईल. सामाजिक तपासणी अहवालावर सही करणाऱ्याला समाजकार्याची पदवी आणि देखरेखीखाली केलेल्या गृहभेटींचा अनुभव सक्तीचा करा. बारावी पास कार्यकर्ता सोबत जरूर असू दे. वाडीची वाट आणि भाषा त्यालाच ठाऊक असते. घर एकदा नाही, निदान दोनदा बघा, वेगवेगळ्या वेळी. समितीपुढे ठेवण्याआधी अहवाल त्या आईला, त्या आजीला मराठीतून वाचून दाखवा आणि तिचं म्हणणं खाली लिहा. आणि महाड-पोलादपूरसाठी एक कायम नेमणुकीचा माणूस महाडातच बसवा, पूर्ण पगारावर.