किंचाळणाऱ्या पेटीचा मुकदमा

ज्या गृहस्थाने १९५०च्या दशकातील फेंडर चॅम्पच्या आराखड्यावरून, म्हणजे एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि एक ५वाय३ अशा अवघ्या तीन व्हॉल्व्हच्या भांडवलावर, गिटारचा ॲम्प्लिफायर स्वहस्ते सिद्ध केला आणि ज्याचा तो ॲम्प्लिफायर पहिल्याच दिवशी बिनतक्रार वाजला, त्याच्याइतका अस्वस्थ प्राणी त्रिभुवनात नसावा. कारण सुरळीत चाललेल्या यंत्रात ‘सुधारणा’ केल्यावाचून स्वतःच्या कर्तृत्वाचा पुरावा तरी तो कोठे दाखल करणार? मग आवाज अधिक भरदार व्हावा म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला जातो, त्याच्या निळ्या-तांबड्या तारांची उलटापालट होते, आणि ज्या निगेटिव्ह फीडबॅकने आजवर लगामाचे काम इमानाने केले, तोच चाबूक होतो आणि पेटी किंचाळू लागते. येथून तपास सुरू होतो. निरपराध व्हॉल्व्ह बडतर्फ होतात, कंडेन्सरांची बदली होते, अर्थिंगवर ठपका येतो, लाकडी काडीने प्रत्येक डागाला ठोठावून त्याची जबानी घेतली जाते. केवळ त्या दोन तारांना कोणी समन्स धाडत नाही, कारण त्या (हे मी अनुभवाने सांगतो) साक्षात तपासी अंमलदारानेच जोडलेल्या असतात. वाचकहो, त्या दोन तारांची पुन्हा अदलाबदल करायला पाच मिनिटे पुरतात. मात्र प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत तीनशेवर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, तेव्हा ते रिकामे करून मीटर लावल्याखेरीज आत हात घालू नका.