साडेसात ते साडेतीन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची ऑफिसं हिवाळ्यात सकाळी नऊला उघडतात, तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ती पाचला बंद होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. कॅलिफोर्नियाचं तर विचारूच नका; तिथला कारकून कॉफी घेऊन खुर्चीत टेकतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, घरातल्या मालिकाही संपत आलेल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या सकाळच्या तासाला शेवटच्या वर्षाची काही पोरं डोळे तारवटून का बसतात, याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. पूर्वी मला वाटायचं, प्रेमप्रकरण असेल. आता सरळ विचारतो, "किती ठिकाणी टाकलंयस?"

मी मेकॅनिकलला शिकवतो, आणि शिकवण्याच्या खालोखाल माझं काम म्हणजे शिफारसपत्रं लिहिणं. एमएसला किंवा पीएचडीला अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, आणि एकेक पोरगं आठ-दहा विद्यापीठांत अर्ज टाकतं. डिसेंबरपर्यंत यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जीआरई २०२० नंतर पुष्कळ विद्यापीठांनी मागायची सोडली, तरी 'दिलेली बरी' म्हणून देतात. मग टोफेल, ट्रान्सक्रिप्टसाठी खिडकीवरच्या चकरा, आणि तो एसओपी, म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध, ज्यात प्रत्येकाने लहानपणी घरातला एक तरी पंखा उघडून पाहिलेला असतो. (सांगली-मिरजेत खरोखरच इतके पंखे उघडले गेले असते, तर इथल्या इलेक्ट्रिशियन मंडळींनी कधीच बंगले बांधले असते.) विद्यापीठांच्या याद्यांत तीन जाती: ॲम्बिशस, मॉडरेट आणि सेफ. दर अर्जाला साधारण पाऊणशे ते सव्वाशे डॉलर, ते बापाच्या कार्डावरून. मग १५ डिसेंबर उजाडतो, सबमिटचं बटण दाबलं जातं, आणि त्यानंतर करायला काहीच उरत नाही.

हे 'काहीच नाही' त्यांना झेपत नाही. बालवाडीपासून यांच्या हातात पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक असतं. निकालाला तारीखच नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत असतं. मग ती पोर्टल वाचायला लागतात. विद्यापीठाचं पोर्टल दिवसाला दहा वेळा उघडायचं आणि त्यावरच्या दोन शब्दांवरून भविष्य काढायचं. एकदा एक मुलगी धापा टाकत केबिनमध्ये आली. काल 'रिसीव्ह्ड' होतं, आज 'अंडर रिव्ह्यू' झालंय. "म्हणजे सर, कुणीतरी बघतंय ना माझं?" मी म्हटलं, अगं, सगळी कागदपत्रं जमा झाली की ते आपोआप बदलतं, सॉफ्टवेअर आहे ते. तिचा चेहरा असा पडला की मला माझ्या सॉफ्टवेअरच्या ज्ञानाची लाज वाटली.

दुसऱ्या एकाला रात्री दीड वाजता मेल आला: तुमच्या अर्जाबाबत नवी माहिती आहे, पोर्टलवर पाहा. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तोवर आई उठून देवापाशी दिवा लावून आलेली. पोर्टल उघडलं तर आत एक प्रश्नावली: आमच्याकडे अर्ज करण्याचा तुमचा अनुभव कसा होता, एक ते पाच तारे द्या. त्याने पाच दिले. न जाणो, कमिटी बघत असेल.

या दिवसांत पोरांचं सामान्यज्ञान वाढतं, हे मान्य करायला हवं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात आणि मेलची वेळ साडेसातावरून साडेसहावर येते, हे त्यांना पाठ असतं. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार प्रेसिडेंट्स डे, म्हणजे सुटी, म्हणजे त्या रात्री झोपायला हरकत नाही. ज्यांना स्वतःच्या आजीचा वाढदिवस सांगता येणार नाही, ते जॉर्ज वॉशिंग्टनचा अचूक सांगतात.

मी समजुतीच्या गोष्टी सांगतो. सांगतो की तुमचे अर्ज वाचणारी कमिटी म्हणजे माझ्यासारखेच चार प्राध्यापक. त्यांना स्वतःचे तास असतात, संशोधनाचे प्रस्ताव असतात, घरी आजारी पोरं असतात. आणि आमची जमात मी आतून ओळखतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला की आम्ही आधी कपाट आवरायला घेतो. तेव्हा आत्ता, या क्षणी, तुझ्या फाइलकडे बहुधा कुणीही बघत नाहीये. यात मला मोठा दिलासा दिसायचा. पोरांना उलटंच वाटतं. कुणीतरी वाचून नाही म्हटलं तर ते पचवतील, दोन दिवस जेवणार नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मिसळ खायला जातील. पण आपण इतकं जीव ओतून लिहिलं आणि ते कुठल्याशा सर्व्हरवर न उघडता पडलंय, ही कल्पना त्यांना सहन होत नाही. ते ऐकल्यापासून मी ती गोष्ट सांगायची बंद केली. आता म्हणतो, "वाचतायत, वाचतायत."

त्यातून वेटलिस्ट आली तर आणखी पंचाईत. वेटिंग लिस्टमध्ये आपल्या रेल्वेइतकी सचोटी मी कुठे पाहिलेली नाही. ती नंबर सांगते. काल वेटिंग २३ होतं, आज ११ झालं, उद्या आरएसी होईल आणि अर्ध्या बर्थवर का होईना, बूड टेकेल; चार्ट लागला की विषय संपला. विद्यापीठाची वेटलिस्ट म्हणजे तुमचं तिकीट वेटिंगवर आहे एवढंच सांगायचं. नंबर सांगायचा नाही, गाडी कधी सुटते तेही नक्की नाही, पण स्टेशनवर थांबण्याबद्दल मात्र तुमचे मनःपूर्वक आभार.

आमच्या वेळी हे सगळं पोस्टमनच्या पिशवीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत बसलो होतो. जाडजूड डिरेक्टऱ्यांतून विद्यापीठांचे पत्ते वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन अर्ज मागवणारी पत्रं लिहायची. फॉर्म यायलाच महिना. वाट बघायला रात्रीचं जागरण लागत नसे, कारण पोस्टमन दिवसातून एकदाच यायचा आणि तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की आजचा निकाल लागलेला असायचा. पाकीट पातळ असेल तर नकार, जाड असेल तर होकार. उघडायचीही गरज नाही. पोस्टमनलाही ते कळत असे. पातळ पाकीट तो दारातून आत सरकवून पुढे जायचा, जाड असलं की बेल वाजवून उभा राहायचा.

माझं जाड आलं. प्रवेश होता, वसतिगृहाचा फॉर्म होता, गुळगुळीत कागदावर छापलेला कॅम्पसचा रंगीत नकाशा होता. शेवटच्या पानावर एक ओळ होती की या वर्षी असिस्टंटशिप देणं शक्य होत नाही. वडील साखर कारखान्यात कारकून. पोस्टमनला बेल वाजवल्याची बक्षिसी मिळाली. नकाशाचा कागद फारच चांगला होता. पुष्कळ वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात अस्तर म्हणून होता.

पोरं फारच कासावीस झाली की मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो, कारण तिची सुरुवात इथेच, शेजारच्या कोल्हापुरात होते. गोपाळराव पोस्टात नोकरीला. १८७८ मध्ये कोल्हापुरात असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते एका मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं, सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्ला. मदत काही आली नाही. पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि नंबर येईपर्यंत समोरची मासिकं चाळत बसल्या, त्यात हे पत्र त्यांच्या हाताला लागलं. डॉक्टरने त्यांना वेळेवर आत घेतलं असतं तर काय झालं असतं, हा इतिहासाच्या पेपरात विचारण्यासारखा प्रश्न आहे. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठीचं ते सुंदर पत्र त्यांनी रोझेलला पोचल्यावर लिहिलं. आधी जाऊन पोचल्या, मग अर्ज केला. १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या.

मला वाटलं होतं, ही गोष्ट ऐकून पोरांना धीर येईल. मागच्या बाकावरून आवाज आला, "पण सर, त्यांना एफ-वन व्हिसा कसा मिळाला?"

गेल्या खेपेला तासगावकडची एक मुलगी होती. घरची द्राक्षबाग, वडील बेदाणा करतात. आपल्याकडे द्राक्षाचा माल निघतो तो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे नेमका ॲडमिशनचे मेल येतात तेव्हा. डिपिंग ऑइलमध्ये बुडवून घड रॅकवरच्या जाळ्यांवर पसरलेले असतात, आणि पुढचे पंधरा-वीस दिवस आभाळाकडे डोळे. एक अवकाळी सर आली की माल काळा पडतो आणि सौद्यात भाव निम्म्यावर येतो. बाप रात्री दोनला शेडमधल्या खाटेवर पडून मोबाइलवर ढग बघायचा, लेक माडीवर मेल बघायची. मधूनच बाप खालून हाक मारायचा, "आलं का गं?" ती वरून विचारायची, "पाऊस का, मेल?" दोन्ही आलेलं नसायचं. तिची आई मला फोनवर म्हणाली, "सर, दोघांचं लाइटबिल मीच भरतीय."

या मुलीला तीन नकार आधी आले. नकाराच्या पत्रांना हल्ली एक घडीव नम्रता आली आहे. या वर्षी विक्रमी अर्ज आले, सगळेच फार गुणवान होते, तुम्हाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. तिने तिन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून कुठल्या विद्यापीठाचं इंग्रजी बरं आहे ते ठरवलं. मग मार्चच्या शेवटी एका रात्री पोर्टलवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले (काही ठिकाणी होकार कळवताना पडद्यावर अशी उधळण करतात, सत्यनारायणाच्या पूजेत फुलं उधळतो त्याहून थोडी जास्त). आठवड्याभरात आणखी दोन ठिकाणचे होकार आले. त्यातल्या एका ठिकाणी पीएचडी, फी माफ आणि टीएशिप (टीचिंग असिस्टंटशिप). बागेवर कर्ज काढायची गरजच उरली नाही. बेदाण्याला पण त्या वर्षी बरा दर लागला.

अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संस्था आहे आणि तिचा १५ एप्रिलचा एक ठराव आहे. त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी कुणाला पैशांसह जागा देऊ केली, तर त्याला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. हेतू चांगला, की पोराला सगळे निकाल हातात घेऊन शांतपणे ठरवता यावं. घडतं असं की ज्याच्या हातात तीन जागा आहेत तो तिन्ही १५ तारखेपर्यंत धरून बसतो, आणि वेटलिस्टवरच्याची झोप १५ तारखेच्या रात्रीपर्यंत लांबते. ठराव करणाऱ्यांना याची कल्पना नसेल असं नाही. त्यांच्याही घरी पोरं असतील.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ही मुलगी आई-वडिलांसह घरी आली. पाच किलो बेदाण्याचा बॉक्स. टीएशिपवाल्या विद्यापीठाला तिने होकार कळवून टाकला होता. चहा झाल्यावर आईने मुद्द्याला हात घातला. "सर, तुम्हीच सांगा की हिला. एक जागा घेतली न्हवं? मग बाकीच्या दोन कशाला धरून बसलीय? त्या जागेवर कुणाचं तरी पोरगं वाट बघत असंल की."

मुलगी म्हणाली, "नकार द्यायला पंधरापर्यंत वेळ आहे, आई." मग जरा थांबून, "एवढे महिने मागं लागले होते गं. असू देत की चार दिवस."

"चार दिवस तुझं हुतंय, त्या पोराची रात बरबाद हुतीय. तू कशी करत हुतीस ते मी बघितलंय."

वडील बेदाण्याचा बॉक्स उघडून मला माल दाखवण्यात गुंतले होते. या विषयात त्यांना पडायचं नव्हतं. मी न्यायाधीश असल्यासारखा घसा साफ केला, पण तोवर मुलीने मोबाइल काढला होता. नकार कळवण्याचा फॉर्म लहानसा होता. कारण निवडायचं: दुसरीकडे जाणार, आर्थिक अडचण, कौटुंबिक कारण. खाली एक रिकामा चौकोन, आणखी काही सांगायचं असल्यास.

"तिथं काय लिवतात?" आईने वाकून विचारलं.

"काही नाही. तो रिकामा सोडतात."

"रिकामा कसा सोडायचा? त्यांनी तुझं सगळं वाचलं, घेतो म्हणाली, आन् आपण नुसतं न्हाई म्हणून मोकळं हुयाचं?" मग माझ्याकडे बघून, "सर, तुमी सांगा इंग्लिशमधी. चार ओळी तरी चांगल्या लिवू द्या."

चार ओळी मी सांगितल्या. दुसऱ्या विद्यापीठाला तिने त्याच चिकटवायला घेतल्या, तर आई म्हणाली, त्यांना वेगळ्या लिही.