घरचा सरखेल

माझे साडू नॉर्मंडीला जाऊन आले आणि आमच्या घरात सहलीला 'मोहीम' म्हणायची पद्धत पडली. साडूंनी तिथून ओमाहा बीचची वाळू बाटलीत भरून आणली, बाटली शोकेसमध्ये ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जेवणानंतर पाऊण तास बंकर दाखवायला सुरुवात केली. 'आपल्याकडे असं काही जपतच नाहीत हो,' हे त्यांचं भरतवाक्य. मला संताप आला. तो देशाभिमानाचा संताप आहे, असं मी बायकोला सांगितलं. तिने मान डोलावली. बहिणीचा नवरा युरोपात जातो आणि आपला पनवेलच्या पुढे सरकत नाही, याचा हिशोब तिच्याकडे माझ्याआधीपासून होता.

वास्तविक युद्धभूमी बघायला विमानात बसायची गरजच काय? आपला रायगडचा किनारा घ्या. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, पद्मदुर्ग, जंजिरा. एवढ्याशा पट्ट्यात मराठे, सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज, निजामशाही, सगळ्यांनी एकमेकांवर तोफा डागून घेतल्यात. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना झोडपलं, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेडा मारला गेला. इजिप्तचा माणूस लढायला चौलपर्यंत येतो आणि मी पुण्याहून बघायलाही जाऊ नये?

मी दुर्बीण घेतली. खाकी रंगाची, बारा खिशांची हाफ जाकिटं मिळतात त्यातलं एक घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला आणि माझ्या नावापुढे 'सरखेल' लिहिलं. ही पदवी कान्होजी आंग्र्यांची होती हे मला माहीत आहे. त्यांना ती छत्रपतींकडून मिळाली होती, मला देणारं कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच घेतली. मग संगणकावर तक्ता केला. किल्ला, शत्रू, वर्ष, तोफा, तटबंदीचा प्रकार. संध्याकाळी उघडून बघतो तर बायकोने त्यात 'शौचालय' असा रकाना वाढवलेला आणि मुलीने 'चार्जिंग'. माझ्या सगळ्या रकान्यांत माहिती ओसंडून वाहत होती. त्या दोन रकान्यांत सात किल्ल्यांपुढे चौदा प्रश्नचिन्हं होती.

भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र मी जातीने केलं. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीच हवी. आणि मला साडूंना ऐकवायचं होतं, की नॉर्मंडीत ६ जून १९४४ला उतरायचं ठरलं तेही ओहोटीकडे बघूनच. जर्मनांनी वाळूत रोवलेले अडथळे पहाटेच्या ओहोटीला उघडे पडावेत, रात्री विमानांना चांदणं मिळावं. त्यासाठी लिव्हरपूलजवळ डूडसन नावाचा शास्त्रज्ञ दातेरी चाकांच्या यंत्रावर गणितं करत बसला होता. मीही बसलो. तीन संकेतस्थळं, दोन अ‍ॅप. शेवटी अष्टमी काढली. ओहोटी बरोब्बर दुपारी बाराला, म्हणजे नाश्ता करून निवांत निघता येईल.

आई भाजी निवडत होती. तिचं माहेर थळचं. ती मान वर न करता म्हणाली, "अष्टमीला भांग असतो रे. पाणी धड भरत नाही, धड उतरत नाही. गुडघाभर भिजाल. पुनवेनंतर तिजेला जा, सकाळी सव्वाआठला सुकती."

मी अ‍ॅप उघडलं. थोडा मागेपुढे फरक, पण तेच.

तिचं गणित असं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तृतीया, म्हणजे तीन पाऊणे सव्वादोन. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सव्वाआठ. झालं. ना विजेचं बिल, ना डूडसन. अर्थात हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. नॉर्मंडीला तो चालायचा नाही, हे मी पुटपुटलो. आईने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आता इथे मला कमोडोर मॅथ्यूजबद्दल बोलू द्या. घरात कुणी बोलू देत नाही.

साल १७२१. कान्होजींनी मुंबईकर इंग्रजांच्या नाकी नऊ आणलेले. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून निघालेला थॉमस मॅथ्यूज चार लढाऊ जहाजं घेऊन मुंबईत आला. इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले, खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला, चौलला सुमारे ६,००० फौज जमली आणि सगळे अलिबागेवर चालून गेले. पुढचं सगळं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय, मी पदरचं घालत नाही. मॅथ्यूजसाहेब ऐटीत घोड्यावरून टेहळणीला गेले. आंग्र्यांच्या एका स्वाराने नेम धरून फेकलेला भाला साहेबांच्या मांडीत घुसला. साहेबांनी संतापून त्याच्यामागे घोडा घातला, पिस्तुल काढलं, चाप ओढला. काही नाही. दुसरं काढलं. काही नाही. दोन्ही पिस्तुलं भरायची राहिली होती!

मला हा माणूस फार जवळचा वाटतो. जहाजं चार, पदवी कमोडोर, आवेश राजाचा, आणि पिस्तुलात गोळी नाही.

थांबा, संपलं नाही. हल्ल्याचा दिवस ठरला नाताळच्या आदल्या दिवसाचा. इंग्रज शिड्या लावून तटाला भिडले. तेवढ्यात आंग्र्यांची माणसं पोर्तुगीजांवर तुटून पडली, पोर्तुगीज पळाले, त्यांना पळताना बघून इंग्रजही पळाले. मॅथ्यूज तणतणत किनाऱ्यावर उतरला आणि पोर्तुगीजांच्या सेनापतीच्या तोंडात त्याने हातातली छडी खुपसली. व्हाइसरॉयलाही जवळपास तोच मान मिळाला. व्हाइसरॉय म्हणाला, मला बरं वाटत नाही, आणि जहाजावर जाऊन झोपला. मॅथ्यूजने आपला डॉक्टर पाठवला. डॉक्टरने तपासून सांगितलं, काहीही झालेलं नाही. तोवर आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव आलेच होते, आणि नव्या वर्षात पोर्तुगीजांनी इंग्रजांना न विचारता परस्पर तह करून टाकला. हा मॅथ्यूज पुढे १७४४ला तुलाँच्या लढाईत कमी पडला म्हणून नौदलातून बडतर्फ झाला, पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि ती सांगायला लागलो की मुलगी हेडफोन घालते.

माझा मुद्दा इतकाच, की नाताळच्या सुट्टीत अलिबागला जाऊ नये हे १७२१ सालीच सिद्ध झालेलं आहे. तरी आम्ही गेलो. मांडव्याच्या जेट्टीपासून गाड्यांची जी रांग होती तिच्यापुढे ६,००० फौज म्हणजे काहीच नाही. आमच्याही दोस्त राष्ट्रांत फाटाफूट झाली. मी कोर्लईचा बुरूज समजावून सांगत असताना बायकोने नागावच्या एका खानावळीशी परस्पर तह केला: सुरमई तळलेली, सोलकढी, दुपारी ठीक एक. मुलगी म्हणाली तिला बरं वाटत नाही. डॉक्टर पाठवायची सोय माझ्याकडे नव्हती.

जंजिऱ्याला मात्र सगळे हौसेने आले. जंजिऱ्याला सगळेच येतात. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीसाठी रांग, होडीत खच्चून माणसं, दरवाजाशी लाटेचा अंदाज घेऊन पायरीवर उडी. गाईडने बावीसाचा पाढा लावला होता, बावीस एकर, बावीस वर्षं, बावीस बुरूज. मी मध्येच म्हणालो, बुरूज एकोणीस. त्याने माझ्या जाकिटाकडे बघितलं आणि पुढे चालू लागला. दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला तो शरभ, वर ती कलालबांगडी तोफ, सगळं भव्यच. पण तोफेवर हात टेकून फोटो काढणाऱ्यांची गर्दी बघताना मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. हा आपल्याला कधीच न मिळालेला किल्ला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ला राजपुरीच्या काठावरून खाडीत दगड टाकून वाट बांधायला घेतली, तरी नाही मिळाला. आणि आपण गर्दी करतो ती इथे. जो आपल्या माणसांनी खडकावर दगड रचून, तोफा खात उभा केला आणि राखला, त्या खांदेरीला जाणारी होडी भरायला माणसं जमवावी लागतात.

२०२५च्या जुलैत 'युनेस्को'ने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे. जंजिरा अर्थातच नाही.

मुलीने विचारलं, "बाबा, इथे लढाईचं म्युझियम नाही का? काकांनी दाखवलं होतं तसं?" मी विषय बदलला. कारण मुंबईला एक होतं, आणि ते तरंगणारं होतं. १९७१च्या युद्धात जिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, ती 'विक्रांत' २०१२पर्यंत संग्रहालय म्हणून उभी होती. ती सांभाळणं परवडेना. २०१४ला भंगारात गेली. साडूंचं भरतवाक्य त्या क्षणी माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

तृतीयेला सकाळी सव्वाआठच्या सुमाराला कुलाब्याची वाट उघडी होती. घोडागाड्या वाळूतून खडखडत होत्या, आम्ही चपला हातात घेऊन चाललो. या किल्ल्याचा तट बघण्यासारखा आहे. भलेथोरले चिरे एकावर एक नुसते ठेवलेत, मध्ये चुना नाही. लाट येते, फटींत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी निथळून जातं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत. वाकून बघितलं तर लोखंडातच कारखान्याचं नाव ओतलेलं, यॉर्कशायरच्या लो मूर आयर्न वर्क्सचं. आणि त्यांच्यापासून चार पावलांवर, चिऱ्यावर, पांढऱ्या ऑइलपेंटने 'राजू' आणि एक बदाम. आत कुणाचं तरी नाव असणार, पण रंग ओघळला होता. राजू रंगाचा डबा आणि ब्रश घरून घेऊन आला असणार. ओहोटीची वेळ बघून आला असणार. मला शरम वाटली की माझ्या मोहिमेपेक्षा त्याची तयारी चोख होती. आणि मग नुसता रागच आला, ज्यात विनोद काही नव्हता.

आई त्या दिवशी थळला मामाकडे होती. तिथून किनाऱ्यावर उभं राहिलं की खांदेरी-उंदेरी समोर दिसतात. ऑगस्ट १६७९ला मायनाक भंडारी शंभर-दीडशे माणसं घेऊन त्या ओसाड बेटावर उतरला आणि तट बांधायला लागला. मुंबई बंदराच्या तोंडावर किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला, मागून सिद्दीही आला. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी मोठी लढाई झाली, इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज मराठ्यांनी धरलं. हे सगळं मी किनाऱ्यावर उभं राहून, दुर्बीण रोखून, आईला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण दगड, दाणागोटा कोण नेत होतं?" तिने विचारलं.

"छोट्या होड्या. रात्रीच्या अंधारात निसटायच्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या सापडायच्या नाहीत."

"मग इथूनच गेल्या असतील," ती म्हणाली. "आमच्याच लोकांनी नेल्या असतील. दुसऱ्या कुणाला कळणार, कुठे खडक आहे नि कुठे पाणी?" आणि जरा थांबून, "त्यांच्या बायका इथेच उभ्या असतील बघत."

माझ्या तक्त्यात तोफांचा रकाना होता, वल्ह्यांचा नव्हता. मायनाकाचं नाव निदान राहिलं. त्या रात्री वल्हं मारणाऱ्याचं नाव कुठल्या कागदात नाही, लोखंडात नाही. त्याच्याकडे ऑइलपेंटही नव्हता. इंग्रज जानेवारीत कंटाळून समेट करून गेले, आणि किल्ला राहिला.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्या दादांनी आम्हाला खांदेरीला नेलं. मी खाकी जाकीट घातलं नव्हतं. उकडत होतं म्हणून. त्यांनी वेताळाच्या देवळात नारळ फोडला आणि मग मुलीला एका मोठ्या दगडापाशी नेऊन म्हणाले, मार ताई. तिने हातातल्या खड्याने ठोकलं, तर दगड पितळेच्या पातेल्यासारखा वाजला. हेडफोन काढून तिने परत ठोकलं, मग वेगळ्या जागी, मग आणखी एका. मला मॅथ्यूजची आठवण झाली होती. पण मी बोललो नाही.

तुम्ही जाणार असाल तर जंजिरा बघाच, पण आधी थळला जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. होडीवाल्याशी भाड्याची घासाघीस करू नका, वेताळाला नारळ न्या, आणि वेळ अ‍ॅपला नाही, थळच्या माणसाला विचारा. रंगाचा डबा तेवढा घरी ठेवा.