प्रतिनौकावहनमीमांसा

नौकेने माणसाला कसे वाहून न्यावे, यावर ग्रंथ पुष्कळ आहेत. माणसाने नौकेला कसे वाहून न्यावे, हा विषय मात्र शास्त्रकारांनी उपेक्षिलेला दिसतो. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त नौकांचे सामान्य आणि विशेष असे भेद आहेत, त्यांची मापे आहेत, सागरी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, नाहीतर समुद्रातला लोहचुंबक ती ओढून नेईल, असा इशाराही आहे. परंतु तीच नौका विमानतळाच्या काउंटरवर वजनाला ठेवली असता काय होते, याबाबत ग्रंथ मौन पाळतो. ती उणीव दूर करण्याचा हा अल्प प्रयत्न.

आधी विषय नेमका करू. येथे नौका म्हणजे रिमोटवर चालणारी, शर्यतीची, शिडाची छोटी नौका. तिला पुढे ढकलणारे इंजिन नसते. ते काम वारा करतो. काठावर उभा असलेला मालक ट्रान्समीटरवरून दोनच गोष्टी करू शकतो : सुकाणू वळवणे आणि शिडांची दोरी सैल किंवा घट्ट करणे. (तिसरी गोष्ट म्हणजे ओरडणे, पण तिला रेडिओ लागत नाही.) या नौकांचे वर्ग अनेक. आपण ‘इंटरनॅशनल वन मीटर’, मंडळींच्या बोलण्यातला ‘आयओएम’, हा वर्ग प्रमाण मानू. तो १९८८ साली आखला गेला. लांबी १००० मिलिमीटरच्या आत, वजन ४००० ग्रॅमपेक्षा कमी नाही, पाण्याखालची खोली ४२० मिलिमीटरपर्यंत. मंद, मध्यम आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी शिडांचे तीन वेगवेगळे संच. पहिल्या संचातल्या मुख्य शिडाची डोलकाठीलगतची कड १६०० मिलिमीटर.

एवढे वाचून भोळा वाचक म्हणेल : मीटरभर लांबी, चार किलो वजन, काखोटीला मारावी आणि निघावे. हा झाला पूर्वपक्ष.

त्याचे खंडन भूगोल करतो. या वर्गाची जागतिक स्पर्धा २००९ साली बार्बाडोसला झाली, २०११ साली इंग्लंडमध्ये वेस्ट कर्बीच्या मरीन लेकवर, २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॉस्टर सिटीत, २०१९ साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत, २०२२ साली क्रोएशियातल्या रियेकात आणि २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्लॅडस्टनला. लंडनच्या नौकेला ग्लॅडस्टन गाठायचे तर ब्रिस्बेनपर्यंत सरळ रेषेत साडेसोळा हजार किलोमीटर हवेतून, पुढे रस्त्याने आणखी पाचशे. परतीसह चौतीस हजार. तिथे पोहोचल्यावर ती काठापासून फार तर इतकी दूर जाते की मालकाला तिच्या शिडावरचा आकडा वाचता यावा. हात सैल सोडून धरू की सगळ्या फेऱ्या मिळून ती पाण्यावर चाळीस किलोमीटर चालली. म्हणजे पाण्यातल्या एका किलोमीटरमागे साडेआठशे किलोमीटर हवेत आणि रस्त्यावर. असे ज्याचे आयुष्य, त्या वस्तूला नौका म्हणण्यापेक्षा सामान म्हणणे अधिक न्याय्य. विमान कंपन्यांचे मतही नेमके हेच आहे.

यावर काही विद्वान इतिहासाचे दाखले पुढे करतात. १४५३ साली सुलतान दुसरा मेहमद याने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सत्तरेक गलबते चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपलीकडे ओढत नेली आणि गोल्डन हॉर्नच्या पाण्यात उतरवली. दाखला भव्य आहे, पण गैरलागू. मेहमदाला डोलकाठ्यांचे वेगळे पैसे भरावे लागले नव्हते. आमच्या मते खरा आद्यपुरुष मानायचा तर ‘यावारी’ या आगबोटीला. लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्सने पेरूच्या सरकारसाठी ती १८६२ साली बांधली आणि २७६६ तुकड्यांत सुटी करून पाठवली. समुद्र ओलांडल्यावर ते तुकडे खेचरांच्या पाठीवरून अँडीज चढून टिटिकाका सरोवराकाठी पोहोचले. बोट पाण्यात पडायला १८७० साल उजाडले. कोणताही तुकडा एका खेचराला पेलेल त्याहून जड नको, ही मूळ अट. आजच्या शास्त्रात खेचराच्या जागी २३ किलो आले आहेत, आणि जास्तीचे पैसे भरले तरी कुठलाही एक डाग ३२ किलोंच्या वर जाऊ नये, कारण तो उचलणाराही माणूसच असतो.

वजनाचा प्रश्न आमच्या नौकेला पडत नाही. तिला पडतो तो बेरजेचा. बहुतेक विमान कंपन्यांचा नियम असा की डागाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. आता नौकेचा सांगाडा १०० सेंटिमीटर. दोन्ही टोकांना अडीच-अडीच सेंटिमीटर फोम धरला की १०५. उरले ५३. त्यातले ३० रुंदीला दिले तर उंचीला राहतात २३. तळातून खाली उतरणारा फिन आणि सुकाणू काढून ठेवले तर सांगाडा एवढ्यात बसतो. अगदी काठोकाठ, पण बसतो. या समीकरणाला उत्तर आहे हीच गोष्ट काही सश्रद्ध मंडळींना ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा वाटते. आम्ही तितके पुढे जात नाही. आम्ही म्हणतो, ईश्वर असला तर त्याने पेटीच्या कड्या आणि बिजागऱ्या हिशेबात धरलेल्या नाहीत.

डोलकाठीपाशी मात्र श्रद्धा संपते. १६०० मिलिमीटर कडेचे शीड पेलणारी काठी त्याहून लांबच असणार. ती नळीत घातली की बेरीज १९० वर जाते. इथे दोन मते. एक मत म्हणते, काठी अखंड ठेवा, शिडे तिच्यावरच राहू द्या, सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपात किंवा लांबलचक पेटीत घालून न्या, जास्तीचे पैसे मुकाट्याने भरा. कारण काठीला घरी दिलेला बाक आणि दोऱ्यांचा ताण पुन्हा जुळवायचा म्हणजे अख्खी संध्याकाळ. दुसरे मत म्हणते, काठी मधोमध कापा, आत घट्ट बसणारी नळी घालून मुक्कामी जोडा, शिडे उतरवून गुंडाळा. गुंडाळा, घडी घालू नका. पातळ पॉलिएस्टर फिल्मला एकदा पडलेली चुणी वारा विसरत नाही. अखंडवादी दुसऱ्यांना क्रूर म्हणतात, खंडवादी पहिल्यांना श्रीमंत म्हणतात. दोघेही बरोबर असल्यामुळे वाद मिटण्याची चिन्हे नाहीत.

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे, म्हणजे शिशाकडे, वळू. नौका उलटू नये म्हणून फिनच्या टोकाला शिशाचा बल्ब असतो. फिन आणि बल्ब मिळून २२०० ते २५०० ग्रॅम. नौका मुळात ४००० ग्रॅमची; तेव्हा निम्म्याहून अधिक नौका म्हणजे हेच. उरलेली नौका ही या शिशाला वाऱ्यावर फिरवून आणण्याची सोय आहे, असे तत्त्वतः म्हणता येईल. तो बल्ब पेटीत सुटा राहिला तर विमान पहिल्यांदा हेलकावताच सांगाड्याच्या पातळ फायबरग्लासमधून आरपार जातो. आपल्याच नौकेला आपल्याच वजनाने समाधी, तीही ढगांच्या वर. म्हणून तो वेगळा, गुंडाळून, पेटीच्या तळाशी, बांधून. गुंडाळायला काय घ्यावे याविषयी लोकरीचे मोजे हे उत्तर बहुमान्य आहे. मोजे एरवीही न्यायचेच असतात, आणि काठावर दिवसभर थंडी-वाऱ्यात उभे राहणाऱ्याला ते लागतातही. मात्र बल्बवरून काढलेले मोजे धुतल्याशिवाय घालू नयेत. शिसे विषारी आहे. या लेखातले एवढे एक वाक्य गंभीरपणे वाचावे.

शिशाचा दुसरा गुण म्हणजे क्ष-किरण त्याच्यातून जात नाहीत. पडद्यावर दिसतो तो लांबट, गुळगुळीत, दोन्हीकडे निमुळता, ठार काळा आकार. सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही पेटी उघडायला लावली असती. पुढचा संवाद सर्व देशांत सारखाच व्हावा, कारण त्याला दुसरे रूप संभवतच नाही.

“हे काय आहे?”

“शिसं.”

“कशासाठी?”

“नौका उलटू नये म्हणून.”

“नौका कुठे आहे?”

“दुसऱ्या पेटीत.”

“आणि ही नळी?”

“त्यात डोलकाठी.”

“तुम्ही नौकेने का जात नाही?”

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. बल्बवर नौकेचा शिडांसहित एक फोटो चिकटवून ठेवावा, एवढाच उपाय सुचवता येतो. त्याने शंका फिटते असे नाही. पण मालक धोकादायक नसून केवळ छांदिष्ट आहे, हे लवकर ध्यानात येते.

बॅटरीचे प्रकरण त्या मानाने सोपे. सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकायची नाही, टोकांना चिकटपट्टी लावून केबिनमध्ये जवळ ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंत कोणाची परवानगी लागत नाही, आपली ७.४ व्होल्टची, १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी भरते ७.४ वॉट-तास. तेव्हा नौकेचा देह विमानाच्या पोटात आणि प्राण मालकाच्या खिशात, असा प्रवास होतो. पूर्वी याच्या जोडीला क्रिस्टल असत. २७ आणि ४० मेगाहर्ट्झच्या काळात दोन नौकांचा चॅनेल एक आला की एकीचे सुकाणू दुसऱ्याच्या हुकमाने वळे. म्हणून दूर जाताना क्रिस्टलच्या जोड्याच्या जोड्या न्याव्या लागत आणि मुक्कामी चॅनेलवरून जी वाटाघाट चाले, तिच्यापुढे पाण्यावरची शर्यत फिकी. २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि विद्येची ही संपूर्ण शाखा वाळून गेली. हळहळणारे जुने लोक अजून भेटतात.

पेटी कशी असावी, यावर संप्रदाय तीन. पेटीपंथी कडक कवचाची पेटी करतात. त्यांच्यावर आक्षेप असा की कडक पेटी दिसली की सामान उचलणारा तिला कडक समजतो आणि त्याप्रमाणे वागतो. पिशवीपंथी मऊ पिशवी घेतात, वरून आतला नाजूकपणा दिसावा अशी. त्यांचा भर मानवी करुणेवर, आणि तो भर किती पेलेल हे सरकत्या पट्ट्यावर कळते. तिसरे गोल्फपंथी. हे नौका गोल्फच्या प्रवासी पिशवीत घालतात, कारण बऱ्याच विमान कंपन्या गोल्फला क्रीडासाहित्य म्हणून सवलत देतात, आणि जगात कुठेही गोल्फच्या पिशवीला ‘हे काय?’ असे कोणी विचारत नाही. चेंडू छिद्रात घालण्यासाठी चौदा काठ्या नेणारा माणूस शहाणा, आणि वाऱ्यावर नौका चालवण्यासाठी एक काठी नेणारा संशयित! आम्ही मनाने या पंथाचे, पण काउंटरवर खोटे बोलू नये या मताचेही. तेव्हा विचारले तर नौका आहे म्हणून सांगावे आणि परिणामांना सामोरे जावे.

ओघात आपल्या रेल्वेचा उल्लेख केला पाहिजे. डब्यात बरोबर न्यायच्या पेटीला रेल्वेने घालून दिलेले माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर. आयओएमची कमाल लांबीही नेमकी १०० सेंटिमीटर. रेल्वे आणि नौकावाले यांच्यात कधी पत्रव्यवहार झाल्याचा पुरावा नाही, तरी आकडा जुळतो. फरक इतकाच की नौका नियमात बसते आणि तिची पेटी बसत नाही. उघडी नौका बर्थवर आडवी ठेवून, तिच्या पायथ्याशी रात्रभर बसून जाण्यास नियमाचा अडसर दिसत नाही. शेजारच्या प्रवाशांचा दिसतो.

मुक्कामी पोहोचल्यावर नौका पुन्हा मोजतात, आणि इथे प्रवासाचा हिशेब चुकता होतो. तडा बुजवायला लावलेला इपॉक्सी, फाटलेल्या शिडावरची पट्टी, सगळे काट्यावर येते. किमान वजनापेक्षा जड असण्याला मनाई नाही. फक्त जिंकण्याची आशा तेवढी हलकी होते.

अखेरचा प्रश्न : नौकेचा आकार कोण ठरवतो, पाणी की वाहन? आमचा कौल वाहनाला. १९३० साली अमेरिकेत मार्बलहेड गावी रॉय क्लफने ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शिडे यांचा जो वर्ग काढला, त्यातले ५० इंच हे मोटारीच्या मागच्या सीटवर मावावे म्हणून आले, असे या मंडळींत सांगितले जाते. खरे असो वा नसो, तत्त्व पक्के. ते टोकाला नेले ‘फुटी’ वर्गाने. फुटभर लांब, फुटभर खोल आणि अर्धा फूट रुंद अशा खोक्यात सांगाडा उतरला तर ती नौका, नाहीतर नाही. मोजण्याचे साधन म्हणजे ते खोकेच. शिसे मूठभर. मालक ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवतो, पट्टा बांधतो आणि उतरेपर्यंत झोपतो. त्यामुळे या वर्गाने प्रस्तुत शास्त्रात आजवर एका ओळीचीही भर घातलेली नाही.