निघण्याआधीचा युरोप

युरोपला जाणाऱ्यांचे पुण्यात दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग पैसे भरतो, टूरवाल्याने दिलेली टोपी घालतो आणि रोज संध्याकाळी वरणभात जेवत सहा-सात देश उरकून सुखरूप परत येतो. दुसरा वर्ग स्वतःचं स्वतः जातो. जातो एप्रिलात, पण तयारीला बसतो आदल्या दिवाळीचा फराळ संपायच्या आत. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका या दुसऱ्या वर्गातले. "झेंडा धरलेल्या पोराच्या मागे पळायला मी काय शाळेच्या सहलीला निघालोय?" हे त्यांचं टूरबद्दलचं अंतिम मत. काकू कुठल्या वर्गातल्या, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांच्यातला इंजिनिअर कामाच्या शोधात होता, त्याला युरोप सापडला. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग लॅपटॉपने कायमचा संपादित केला. एक्सेलच्या तक्त्यात तारीख, वार, शहर, हॉटेल, गाडी, फलाट हे रकाने आहेतच. शिवाय 'पर्याय' असा एक आणि त्याच्या शेजारी 'पर्यायाला पर्याय' असा दुसरा. भारताची वेळ युरोपच्या साडेचार तास पुढे, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि हा फरक साडेतीनवर येतो. म्हणून काकांनी दिवाणखान्यात दुसरं घड्याळ लावलंय. त्या रविवारी स्टुलावर चढून ते पुढे करायचं, हेही तक्त्यात आहे.

मूळ बेत असा: ॲमस्टरडॅम तीन रात्री, पॅरिस चार, प्राग तीन, व्हिएन्ना चार. मग काकांनी शेंगेन व्हिसाचे नियम वाचले. 29 देशांना एकच व्हिसा चालतो, पण जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. व्हिएन्नाची तारीख सोयीची मिळत होती. एका सकाळी चहा घेताना काकांनी सहज सांगितलं, "अगं, काल पॅरिसची एक रात्र व्हिएन्नाला दिली."

"पॅरिसचीच का? आणि व्हिएन्नात पाच-पाच दिवस काय करायचं?"

"झोपायचं. ते रात्री मोजतात, दिवस नाही."

त्यानंतर कळलं की पॅरिसला उरलेल्या दिवसांत एक मंगळवार येतो आणि लूव्र मंगळवारी बंद. झालं, सगळा युरोप एका दिवसाने पुढे सरकला. चार हॉटेलं रद्द होऊन तीच चार हॉटेलं पुन्हा बुक झाली. हे सगळं मोनालिसासाठी. ते चित्र 77 बाय 53 सेंटीमीटरचं आहे, हे काकांनी मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात काकूंना दाखवलं. आपल्या तीन बर्नरच्या शेगडीएवढं! काकूंनी शेगडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद केला.

काकूंचा युरोप वेगळा आहे. तो 1981 साली 'सिलसिला' पाहताना सुरू झाला. रेखा आणि अमिताभ ज्या ट्यूलिपच्या ताटव्यांतून फिरतात, ती बाग हॉलंडमधली कोकेनहोफ. वर्षातून साधारण आठ आठवडे उघडी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत. पानगळीच्या दिवसांत सत्तर लाखांच्या आसपास कंद माळी हाताने लावतात. काकूंना एवढंच बघायचंय. बाकीची शहरं काकांनी बघितली तरी त्यांची हरकत नाही.

पण एप्रिल म्हटलं की आंबे. खरा पेच हा होता. काकांच्या कुठल्याच रकान्यात तो नव्हता, कारण आमरस पानात आपोआप येतो अशी त्यांची आजवरची समजूत. फळमाशी सापडली म्हणून युरोपने 2014 च्या मे महिन्यात आपल्या हापूसवर बंदी घातली होती. ती पुढच्या जानेवारीत उठली, पण काकूंनी अजून उठवलेली नाही. "त्यांनी आपला हापूस दारातून परत पाठवला आणि आपण ऐन हंगामात हापूस सोडून त्यांच्या दारात उभं राहायचं?" यावर काकांकडे पर्याय नव्हता, पर्यायाला पर्यायही नव्हता. शेवटी असं ठरलं, की अक्षय्य तृतीयेच्या आत घरी. तक्ता पुन्हा हलला.

फराळाचं खातं काकूंचं, पण त्यातही काकांचे नियम शिरले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दूध-दुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप बाद, पेढे बाद, खव्याच्या पोळ्या तर बोलूच नका. ताज्या फळांना सरकारी दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना : केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

"बघ, नारळ चालतो!" काका आनंदाने म्हणाले.

"नेऊन फोडू कशावर? आयफेल टॉवरवर?"

शंकरपाळ्यांत तुपाचं मोहन असतं, त्याचं काय, या प्रश्नावर काका दोन दिवस इंटरनेट वाचत बसले. काकूंनी तोवर तेलाचं मोहन घालून डबा भरून टाकला. मेतकूट, दाण्याची चटणी आणि भाजणी यांच्याविरुद्ध काही सापडलं नाही. ही सगळी पाकिटं स्प्रिंगच्या काट्यावर तोलली गेली आणि वजनं तक्त्यात चढली.

फेब्रुवारीत सराव सुरू झाला. प्रागला जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, बॅगेची चाकं टिकली पाहिजेत. म्हणून काका सकाळी सहाला, पूर्ण भरलेली बॅग ओढत, सोसायटीच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून फेऱ्या मारू लागले. अंगात थर्मल, त्यावर जाकीट, डोक्याला कानटोपी. खडखडाटाने पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे जागे. वॉचमन रोज सलाम करून विचारायचा, "निघालात का काका?" तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारणं सोडलं. चाक एकदाही निखळलं नाही. काकांची कंबर मात्र एकदा धरली, तेव्हा 'औषधे' या रकान्यात एक मलम वाढलं.

व्हिसाची फाइल हे काकांचं निवृत्तीनंतरचं सर्वांत मोठं बांधकाम. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रं. त्यावर 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' याच चालीचं इंग्रजी पत्र. आणि तुम्ही मायदेशी परत येणार याचे पुरावे. इथे काकांनी हात सैल सोडला होता: फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचा आदेश, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खजिनदारपदी निवड झाल्याचं पत्र.

व्हिसा केंद्रातली मुलगी मराठी निघाली. तिने शांतपणे एकेक कागद उलटला आणि शेअर सर्टिफिकेट, करारनामा, खजिनदारपद हे सगळं "याची गरज नाही, काका" म्हणत परत केलं. काकांचा चेहरा उतरत गेला. मग तिच्या हाताला एक छोटी, पिवळी, हाताने लिहिलेली पावती लागली. ती काकांनी लावलेली नव्हती.

"हे काय आहे?"

"दोन पेट्या हापूसची आगाऊ रक्कम," काकू म्हणाल्या. "आम्ही उतरतो त्याच्या दुसऱ्या दिवशी घरपोच येणार आहेत. परत येण्याचा पुरावा हवाय ना तुम्हाला?"

मुलीने पावती नीट वाचली. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "देवगड का रत्नागिरी?"

"देवगड."

"खात्रीचा आहे का हो माणूस? नंबर मिळेल?"

काकूंनी पर्समधून पेन काढलं. काका फाइल पुन्हा पहिल्यापासून लावू लागले.