भीतीची साक्षांकित प्रत जोडावी

ब्रिटनच्या गृहखात्याला आश्रय मागणाऱ्यांच्या कथानकातले दोष अचूक सापडतात. इराणमधला कुर्द कोलबर (सीमेवरचा हमाल) सांगतो, पाठीवर टायर नि सिगारेटी बांधून इराकच्या डोंगरातून माल आणायचो. एका खेपेत कुर्दांच्या हक्कांची पत्रकं सापडली, तेव्हापासून पळतोय. पहिल्या मुलाखतीत तो म्हणाला ‘वसंतात’. दुसऱ्या मुलाखतीत तारीख दिली. झालं! विसंगती. अर्ज नामंजूर. शिवाय वाटेत फ्रान्स लागला होता, तिथेच आश्रय का मागितला नाही? 2004 च्या कायद्याप्रमाणे हाही त्याच्या खरेपणाला बट्टाच.

अपिलाला 14 दिवस. तेवढ्यात वकील गाठायचा नि सोरानी कुर्दी कळणारा दुभाषी मिळवायचा.

गंमत अशी की धोका कुणी नाकारतच नाही. ब्रिटनच्याच वरिष्ठ न्यायाधिकरणाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय की असं पत्रक नुसतं जवळ सापडलं तरी इराणमध्ये कुर्दाचा छळ होऊ शकतो. एवढं मान्य झाल्यावर सरकारी बाजूला एकच वाट उरते: पत्रक नव्हतंच म्हणायचं.

मग बिचारा फेसबुक काढतो. लंडनमधल्या इराणी वकिलातीसमोरच्या निदर्शनांचे फोटो, खामेनींवरच्या शेलक्या पोस्टी. पण त्याच न्यायाधिकरणाचा 2022 चा निकाल म्हणतो, छापून आणलेल्या चार फोटोंना फारसं वजन नाही. फेसबुक खात्याची सगळी माहिती उतरवून आणा. आणतो तो, लाइकसकट. तेव्हा त्याच निकालाचं पुढचं कलम समोर येतं: परतण्याआधी वेळेवर खातं बंद केलं की धोका संपला, फक्त आधीपासून त्यावर खास पाळत नसावी. पाळत होती का, याचा दाखला बहुधा तेहरानहून आणायचा असतो. मतं मनापासूनची असतील तर गोष्ट वेगळी. मग मन सिद्ध करा!

सुनावणीत सरकारी अधिकारी अगदी आदबीने विचारतो, ‘ही पोस्ट तुम्ही केस मजबूत करायलाच टाकलीत ना?’ दुभाषी सांगतो. कोलबर बराच वेळ बोलतो. दुभाषी म्हणतो, ‘नाही म्हणतात.’

निकाल नंतर लेखी येतो. तोवर आठवड्याला सुमारे 49 पौंडांत भागवायचं, काम करायचं नाही, आणि फेसबुकचं खातं चालू ठेवायचं की बंद, हे ज्याचं त्याने ठरवायचं.